पाच हजारांचा शेअर

बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा एक शेअर दर्शनी ५,००० रुपयांचा होता. कंपनीची जमीन तेव्हा समुद्राखाली होती आणि ती वर काढणं हेच कंपनीचं काम होतं. मलबार हिल आणि कुलाबा यांच्या मधल्या उथळ उपसागरात भराव घालायचा, काही पट्टा रेल्वेला द्यायचा आणि उरलेली जागा विकायची. मुंबई सरकार स्वतः या कंपनीचे ४०० शेअर घेणार होतं. कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारने त्याला मनाई केली, तेव्हा ते ४०० शेअर जाहीर लिलावात काढले गेले. त्यांचे १ कोटी ६ लाख रुपये आले. म्हणजे शेअरमागे २६,५०० रुपये. साधा कारकून तेव्हा महिना वीस-पंचवीस रुपयांवर घर चालवी. त्याने जन्मभराचा पगार एकत्र ठेवला असता तरी त्यात एक शेअर आला नसता.

हा भावही शिखराचा नव्हता. पुढे तोच शेअर ५०,००० च्या घरात गेला.

दर दोन-चार महिन्यांनी कोणी ना कोणी मला विचारतं, ‘अमका इश्यू येतोय, सगळे भरतायत, भरू का?’ विचारणारा बहुधा पगारदार असतो, नुकतं डिमॅट खातं उघडलेला. कधी निवृत्त शिक्षिका असतात, कधी नात्यातला एखादा मुलगा. त्यांना उत्तर देण्याआधी मला तो लिलाव आठवतो, आणि त्यानंतरची दीड वर्षं आठवतात. आपल्याच शहरात, आपल्याच माणसांनी ही परीक्षा एकदा दिलेली आहे. तिचा निकाल मराठी घरांत फारसा सांगितला जात नाही, म्हणून तो सविस्तर सांगतो.

सुरुवात कापसाने झाली. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली. उत्तरेकडच्या आरमाराने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस आटला. गिरण्या थंडावल्या, तिथले मजूर उपाशी राहिले, आणि सगळ्यांच्या नजरा हिंदुस्थानच्या कापसाकडे वळल्या. खानदेश, वऱ्हाड, गुजरात, काठेवाड इथला माल मुंबई बंदरातून जाई. आखूड धाग्याचा म्हणून लिव्हरपूलच्या बाजारात ज्याला नाकं मुरडत, त्याच ‘सुरत’ कापसाचा भाव तिप्पट-चौपट झाला. लोकांनी गाद्या उसवून त्यातला कापूस विकला असं सांगतात. लढाईच्या चार-पाच वर्षांत मुंबईला नेहमीच्या भावापेक्षा जे जास्तीचं मिळालं, त्याचा आकडा ८ कोटी १० लाख पौंड असा इतिहासात नोंदलेला आहे. पौंडाला दहा रुपये धरले तर ८१ कोटी रुपये.

हा पैसा खरा होता. जहाजांतून सोनं-चांदी उतरत होती. सर बार्टल फ्रिअर १८६२ मध्ये गव्हर्नर होऊन आले होते, किल्ल्याचा कोट पाडायचं काम निघालं होतं, रेल्वे घाट चढत होती. १८६४ च्या फेब्रुवारीत शिरगणती झाली तेव्हा मुंबईची वस्ती ८,१६,५६२ भरली. शहर वाढणार, त्याला जागा लागणार, समुद्र हटवावाच लागणार, हे सगळं बरोबरच होतं. बॅक बेची कल्पना थापेबाजीची नव्हती. आज मुंबई ज्या भरावावर उभी आहे तो पाहिला तर ती दूरदृष्टीचीच म्हणावी लागेल. कल्पना खरी होती, म्हणूनच माणसं फसली. निव्वळ खोट्या गोष्टीवर एवढा मोठा डोलारा उभा राहत नाही. उद्या खरंच येणार असलेल्या गोष्टीची किंमत आजच, आणि तीही दहापट वसूल केली जाते, तेव्हा शहाणी माणसंही त्यात सापडतात.

पैसा आला पण त्याला वाव नव्हता. गिरण्या थोड्या होत्या, यंत्रं बाहेरून यायची, जमीन मोजकी होती. मग कंपन्या निघू लागल्या. जानेवारी १८६५ मध्ये मुंबईत ३१ बँका, १६ फायनान्शियल असोसिएशनं, ८ जमीन कंपन्या, १६ कापूस दाबण्याच्या प्रेस कंपन्या, १० जहाज कंपन्या आणि २० विमा कंपन्या होत्या. किरकोळ कंपन्या वेगळ्याच. दहा वर्षांपूर्वी यातलं जवळजवळ काहीच नव्हतं. बॅक बे, एल्फिन्स्टन, माझगाव, कुलाबा, फ्रिअर अशा किनाऱ्यांच्या आणि गव्हर्नरांच्या नावांनी कंपन्या निघाल्या. बंगालमधल्या पोर्ट कॅनिंगच्या शेअरवरही मुंबईकर तुटून पडले, आणि ते बंदर तर त्यांच्यातल्या बहुतेकांनी कधी पाहिलंही नव्हतं.

या सगळ्याच्या मध्यभागी एक माणूस होता, प्रेमचंद रायचंद. जन्म १८३१ चा, सुरतेचा. इंग्रजी लिहिता-वाचता येणारा पहिला देशी दलाल अशी त्याची ख्याती होती. लिव्हरपूलचे भाव इतरांच्या आधी कळावेत म्हणून येणाऱ्या जहाजांना बंदराबाहेरच गाठायला तो होड्या पाठवी, असं सांगतात. तेहतीस वर्षांच्या वयात मुंबईतली कोणतीही नवी कंपनी त्याच्या संमतीशिवाय उभी राहीना. शेअर कोणाला किती द्यायचे हे त्याच्या शब्दावर ठरे. त्याच्या दाराशी सकाळपासून माणसं तिष्ठत असत, आणि त्यांना शेअरच्या वाटपात आपलं नाव हवं असे. कंपनीने एक टोपली माती टाकायच्या आधी, पहिला हप्ता भरायच्याही आधी, नुसत्या वाटपाच्या चिठ्ठीला बाजारात प्रीमियम मिळत होता. चिठ्ठी घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी विकायची. आज ज्याला ग्रे मार्केट प्रीमियम म्हणतात आणि लोक व्हॉट्सअ‍ॅपवर एकमेकांना पाठवतात, त्याची ही पणजी.

दिनशा वाच्छा तेव्हा विशीतले तरुण होते. पुढे काँग्रेसचे मोठे पुढारी झालेल्या वाच्छांनी १९१० साली या काळावर पुस्तक लिहिलं. ज्यांनी हे सगळं डोळ्यांनी पाहिलं त्यांपैकी इतकं नीट हिशेब मांडून लिहिणारे थोडेच. ज्याला बाजारात उतरायचं आहे त्याने वाच्छा वाचावेत असं मी आग्रहाने म्हणेन.

आता या यंत्राची चाकं कशी फिरत होती ते पाहू, कारण खरं दुखणं तिथेच आहे. शेअरची सगळी रक्कम एकदम द्यावी लागत नसे. थोडा पहिला हप्ता भरायचा, बाकी कंपनी मागेल तेव्हा. समजा एखाद्याने ५०० रुपयांच्या शेअरचे १०० रुपये भरले. बाजारात त्यावर २०० रुपये प्रीमियम सुरू झाला. तो हा शेअर घेऊन बँकेत गेला. बँकेने बाजारभाव धरून त्यावर कर्ज दिलं. त्या कर्जातून त्याने दुसऱ्या कंपनीचा पहिला हप्ता भरला. तिचाही भाव चढला, त्यावर पुन्हा कर्ज. फायनान्शियल असोसिएशनं तर याच कामासाठी निघाली होती. लोकांनी शेअर घ्यावेत म्हणून लोकांनाच पैसे देत. कागदावर माणूस लखपती झाला, पण प्रत्येक शेअरचे उरलेले ४०० रुपये द्यायची जबाबदारी त्याच्याच नावावर राहिली. भाव चढत असताना या न भरलेल्या हप्त्यांकडे कोणी पाहिलं नाही.

बँक ऑफ बॉम्बे १८४० ची, अर्धसरकारी. सरकार तिचं भागीदार होतं आणि संचालक मंडळावर सरकारची माणसं बसत. लोकांचा तिच्यावर विश्वास होता तो याच कारणाने. १८६३ च्या नव्या कायद्याने तिच्यावरची जुनी बंधनं सैल केली आणि कंपन्यांच्या शेअरवर कर्ज द्यायची तिला मोकळीक मिळाली. प्रेमचंदचं वजन बँकेत इतकं वाढलं की त्याने शिफारस केलेल्या माणसांना नुसत्या वैयक्तिक हमीवर कर्जं जाऊ लागली. त्याची स्वतःची एशियाटिक बँकिंग कॉर्पोरेशन होतीच. सामान्य ठेवीदाराने सट्ट्याला हात लावला नसला, तरी त्याचा पैसा सट्ट्यातच फिरत होता.

आणि वायद्याचे सौदे. हातात काही न घेता, काही न देता, पुढच्या तारखेला अमुक भावाने शेअर घेईन असा करार करायचा. टाऊन हॉलच्या आसपासच्या वडांखाली दलाल जमत. १८५० च्या सुमारास पाच-सहा होते, १८६५ पर्यंत ते दोनशेच्या वर गेले. तिथे हे सौदे तोंडी होत. बऱ्याच सौद्यांची मुदत एकच होती, १ जुलै १८६५. बॅक बेचा शेअर चाळीस हजारांनी १ जुलैला घेईन म्हणणाऱ्याकडे चाळीस हजार नव्हते, आणि देणाऱ्याकडे शेअर नव्हता. तोवर भाव पन्नास हजार होईल आणि फरकाचे पैसे मिळतील, एवढीच दोघांची गणती होती.

९ एप्रिल १८६५ रोजी जनरल लीने शरणागती पत्करली. अमेरिकेची लढाई संपली, दक्षिणेची बंदरं उघडणार, हे कळताच लिव्हरपूलला कापूस कोसळला. ती बातमी मुंबईत येऊन पोचली. मे महिन्यात एका मोठ्या कापूस व्यापाऱ्याचं दिवाळं वाजलं आणि मग ओळीने वाजत गेलं. १ जुलै उजाडला तेव्हा पैसे मागणारे सगळे होते आणि देणारा कोणीच नव्हता. अ ला ब कडून घ्यायचे, ब ला क कडून, आणि क कालच बुडालेला. कोर्टाच्या नेहमीच्या रीतीने एवढे दिवाळखोर निकालात निघणं शक्य नव्हतं, म्हणून १८६५ मध्ये खास कायदा करावा लागला. पन्नास हजारांचा बॅक बे दोन हजारांच्याही खाली आला. २,८५० रुपयांना गेलेला बँक ऑफ बॉम्बेचा शेअर ८७ रुपयांना विकावा लागला. एशियाटिक बँक १८६६ मध्ये बुडाली. बँक ऑफ बॉम्बेने जवळजवळ सगळं भांडवल घालवलं आणि १८६८ मध्ये ती गुंडाळली गेली. सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी चौकशी झाली आणि संचालकांचा निष्काळजीपणा, १८६३ च्या कायद्याने सोडून दिलेले लगाम, हे सगळं कागदावर आलं. मुंबईची वस्ती १८७२ च्या गणतीत ६,४४,४०५ भरली. आठ वर्षांत पावणेदोन लाख माणसं कमी. कामधंद्यासाठी आलेली माणसं काम संपल्यावर गावी परतली. त्यांनी कधी शेअर पाहिलाही नसेल.

जमशेटजी टाटा १८६४ च्या अखेरीस लंडनला बँक काढायला निघाले होते. ती बँक झाली नाही, आणि टाटांच्या पेढीला या फटक्यातून सावरायला ॲबिसिनियाच्या मोहिमेचं लष्करी कंत्राट मिळावं लागलं. आणि आपले डॉ. भाऊ दाजी लाड. कुष्ठरोगावर औषध शोधणारा, शिलालेख वाचणारा, गरिबांना फुकट तपासणारा हा विद्वान माणूस, आणि शेअरच्या या वेडात त्यांनाही जबर झळ बसली. मला या साऱ्या हकिकतीत सर्वांत जास्त चटका लावणारी गोष्ट ही वाटते. भाऊ दाजी लोभी नव्हते. शहरातली सगळी प्रतिष्ठित माणसं, ज्यांच्याबरोबर ते सभांत बसत, तीच माणसं या कंपन्यांत होती. सरकार होतं, गव्हर्नर होते, बँक होती. इतक्या भल्या माणसांचं एकदम चुकेल असं कोणाला वाटेल?

शेअर घेणारा सामान्य माणूस बहुतेक वेळा हावेने उडी घेतो असं म्हणतात, ते मला पटत नाही. तो भरवशाने उडी घेतो. आजूबाजूचे सगळे भरतायत, मोठी नावं आहेत, बँकेचा माणूस फॉर्म घेऊन घरी आलाय, म्हणजे कोणीतरी कुठेतरी हिशेब केलाच असणार, असं त्याला वाटतं. आणि गाजावाजा झालेल्या इश्यूत तो हिशेब खरंच झालेला असतो, फक्त विकणाऱ्याच्या बाजूने. केव्हा विकायचं हे विकणारा ठरवतो, आणि तो अर्थातच मागणी सर्वांत जास्त असेल तेव्हाचा मुहूर्त धरतो.

जानेवारी २००८ मध्ये रिलायन्स पॉवरचा इश्यू आला. बाजार तेजीत होता. वीज प्रकल्पांपैकी बहुतेक अजून कागदावर होते. ४०५ ते ४५० रुपयांचा पट्टा, ७० पटींच्या वर मागणी, पहिल्या काही मिनिटांत भरणा पूर्ण. ११ फेब्रुवारीला शेअर बाजारात आला आणि पहिल्याच दिवशी ३७२ रुपये ५० पैशांवर बंद झाला. नोव्हेंबर २०२१ मध्ये पेटीएमने २,१५० रुपयांनी शेअर विकले. एकूण १८,३०० कोटींचा इश्यू. त्यातले १०,००० कोटी कंपनीकडे जाणार नव्हते, जुन्या भागधारकांच्या खिशात जाणार होते. पहिल्या दिवसाअखेर शेअर १,५६४ वर होता. ते १०,००० कोटी कोणाकडे जाणार हे इश्यूच्या माहितीपत्रकात स्पष्ट छापलेलं होतं. ‘ऑफर फॉर सेल’ हे शब्द दिसले की मी तिथे बोट ठेवून थांबतो आणि विचारणाऱ्यालाही थांबवतो: कंपनीला आतून ओळखणारा माणूस आज आपले शेअर विकतोय, तर ते आपण का घ्यायचे, याचं उत्तर आधी स्वतःला दे.

उलट उदाहरणही सांगायला हवं. १९९३ मध्ये बंगळूरच्या इन्फोसिसचा इश्यू ९५ रुपयांना आला, तेव्हा तो पूर्ण भरलाही नाही. मॉर्गन स्टॅन्लीने १३ टक्के उचलले. त्या वर्षी बाजारात उतरल्यावर भाव १४५ झाला आणि पुढचं सर्वांना माहीत आहे. पुढच्याच जानेवारीत मॉर्गन स्टॅन्ली ग्रोथ फंड आला. त्याच्या दहा रुपयांच्या युनिटसाठी लोक पहाटेपासून रांगेत उभे राहिले, फॉर्म काळ्या बाजारात विकले गेले. ती युनिटं पुढे कित्येक वर्षं दहा रुपयांच्या खाली होती.

त्याच दशकातल्या एका कंपनीची प्रमाणपत्रं आमच्या घरी होती. वडिलांच्या लोखंडी पेटीत, रेशनकार्ड आणि घराच्या कागदांखाली, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेली. जाड कागद, कडेला वेलबुट्टी, खाली दोन सह्या. वडिलांनी बोनसमधून घेतली होती, कारण ऑफिसातले आठ-दहा जण एकदम भरत होते. कंपनीच्या छापील पत्त्यावर वडील एकदा स्वतः गेले. तिथे दुसऱ्याच कोणाचं तरी दुकान होतं. परत आल्यावर ते काही बोलले नाहीत. पिशवी पुन्हा गुंडाळून त्यांनी पेटीत ठेवली, आणि पुढे आम्ही घर बदललं तेव्हाही ती बरोबर आणली.

म्हणून ‘भरू का’ विचारणाऱ्याला मी सरळ सांगतो, नको भरू. आज नियम पुष्कळ चांगले आहेत, हे खरं. सेबी आहे, माहितीपत्रक आहे, शेअर मिळेपर्यंत पैसे आपल्याच खात्यात अडवून ठेवले जातात, आणि पुढचे हप्ते भरायची टांगती तलवार बहुतेक इश्यूंत नसते. पण माणसाचं वागणं तेच आहे. सेबीने एप्रिल २०२१ ते डिसेंबर २०२३ मधले १४४ इश्यू तपासले तेव्हा वैयक्तिक गुंतवणूकदारांनी मिळालेल्या शेअरपैकी मूल्याने निम्मे आठवड्याभरात विकलेले आढळले. म्हणजे त्यातल्या निम्म्या पैशाला कंपनी नको होती, चिठ्ठीच हवी होती. तुला कंपनीच हवी असेल तर ती कुठे पळून जात नाही. बाजारात आली की रोज मिळेल. चार तिमाह्यांचे हिशेब पाहा, आतल्या माणसांनी शेअर ठेवले की विकले ते पाहा, मग घे. ती तेव्हा महाग वाटली तर दुसरी बघ. आणि काहीही झालं तरी कर्ज काढून, मुदत ठेव मोडून किंवा मुलीच्या शिक्षणाचे पैसे काढून भरू नकोस. माझ्या या सल्ल्याने कोणाचा एखादा लिस्टिंगचा फायदा हुकला असेल. ते मी मान्य करतो, आणि तरीही पुढच्या वेळी हेच सांगेन.

प्रेमचंद रायचंदही त्या पडझडीत सापडला, पण बाजार सोडून गेला नाही. १९०६ मध्ये वारला तेव्हाही तो दलालच होता. १८६४ मध्ये, तेजीच्या भरात, त्याने मुंबई विद्यापीठाला ग्रंथालय आणि घड्याळाचा मनोरा यांसाठी मिळून चार लाख रुपये दिले होते. तो मनोरा त्याने आईचं नाव देऊन बांधवला. पाया १८६९ मध्ये घातला गेला आणि १८७८ मध्ये काम पुरं झालं. ओव्हलवर क्रिकेट खेळणारी पोरं आजही त्या राजाबाई टॉवरच्या घड्याळावर वेळ पाहतात. वडाखालचे दलाल हलत हलत पुढे दलाल स्ट्रीटवर आले आणि १८७५ मध्ये त्यांनी संघटना काढली. तिचाच आजचा मुंबई शेअर बाजार झाला.

बॅक बे कंपनी गुंडाळली गेली. तिने भर घालून वर काढलेला किनाऱ्याचा अरुंद पट्टा सरकारकडे आला आणि त्यावरून बी. बी. सी. आय. रेल्वेचे रूळ गेले. चर्चगेटहून सुटलेली लोकल मरीन लाइन्स सोडून पुढे सरकते, तेव्हा डाव्या हाताला जिमखान्यांच्या मैदानांपलीकडे समुद्र दिसतो. संध्याकाळच्या गर्दीत त्या डब्यात बसायला जागा नसते.